दहाच्या आत

त्या माणसाला मी माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर, माझ्या हातचं भडंग खायला घालून हरवलं, आणि त्याचं मला अजून वाईट वाटत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना माझ्याकडून शहाणपणाची अपेक्षा कुणी ठेवणार नाही.

आमच्याकडं दर रविवारी दुपारी पत्त्यांचा डाव बसतो. मंगळवार पेठेत घर रस्त्याला लागून आहे. पुढची खोली माझ्या शिलाईची, मधली बसायची, तिला लागून झोपायची. मधल्या खोलीत एक सागवानी टेबल आहे, आमच्या मालकांच्या अडतीच्या दुकानातलं. मालक म्हणजे माझे यजमान. मार्केट यार्डात ते गुळाचे सौदे काढायचे. रव्यांच्या, म्हणजे गुळाच्या ढेपांच्या, रांगेपुढून चालत भाव पुकारायचे, आणि आकड्यामागून आकडा तोंडातून असा सुटायचा की घेणाऱ्याला श्वास घ्यायला फुरसत नसायची. घरीसुद्धा तीच गत. मी एक वाक्य बोलेपर्यंत त्यांची चार व्हायची. लग्नानंतरची पहिली काही वर्षं तर मी नुसती मान हलवत होते.

डावाला ते धरून चौघं. राजारामपुरीत गणिताचा क्लास चालवणारे सर. आजऱ्याला काजूचा कारखाना असलेले शेठ, जे रविवारी इथं लेकीकडं येतात. आणि बँकेतून निवृत्त झालेले साहेब, ज्यांना तुम्ही काहीही विचारा, आधी चष्मा पुसतात. पूर्वी रमी खेळायचे. मग सरांच्या बेंगळुरूच्या जावयानं त्यांना पोकर शिकवलं आणि सरांनी ते इथं आणलं. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच, त्यातून ज्याचा मेळ मोठा तो जिंकला. पण त्याआधी बोली लागते, आणि हातात काही नसताना मोठी बोली लावून दुसऱ्याला घाबरवताही येतं. समोरच्यानं लावलं तेवढंच आपणही लावायचं असेल तर ‘कॉल’ म्हणायचं. पानं टाकायची असतील तर ‘फोल्ड’.

पैसे लावायचे नाहीत हे शेठनी पहिल्याच दिवशी सांगितलं. ‘‘घरात बाईमाणूस हाय. पैसा आला की भांडान आलं.’’ म्हणून आमच्याकडं बोलीला काजू. आजऱ्याचा, सालीसकट भाजलेला. डबा शेठच आणतात, वाटीवाटीनं सगळ्यांना सारखे वाटतात. आपल्या ढिगातला काजू खाल्ला तर तो गेला. ज्याचा ढीग संपला त्यानं उठून सगळ्यांना चहा करायचा. इतक्या वर्षांत साहेबांनी माझ्या स्वयंपाकघरात किती वेळा चहा केला असेल याला गणती नाही. सरांनी एकदाही नाही.

नियमांचा कागद सरांनीच लिहिला. क्लासच्या जाहिरातीच्या पाठीमागं, लाल स्केचपेननं, आणि माझ्या भिंतीला मला न विचारता चिकटवला. त्यात होतं की आपली पाळी नसताना बोलू नये. टाकलेल्या पानांवर चर्चा करू नये. एका हाताला एकच तोंड, म्हणजे मागं उभं राहून बघणाऱ्यानं चकार शब्द काढायचा नाही. आणि सगळ्यात खाली, कुणी फार वेळ लावला तर दुसऱ्यानं मोठ्यानं दहा आकडे मोजावेत. दहाच्या आत ‘कॉल’ की ‘फोल्ड’ ते बोलला नाही तर त्याची पानं मेली. हा शेवटचा नियम कुणी कधी वापरला नव्हता. बाकीचे नियम सर सोडून सगळे पाळायचे.

कारण सरांचं तोंड म्हणजे चालू नळ. ‘‘साहेबांनी चष्मा पुसला, म्हणजे जोडी लागली बगा.’’ ‘‘शेठ, तुमचा हात थरथरतोय, एक्का हाय की काय?’’ क्लासमध्ये मुलांना बोलून बोलून जसं भंडावतात तसं इथंही. हातात चांगली पानं असोत की नसोत, बोलणं थांबत नाही. आमचे मालक धडधाकट होते तेव्हा त्यांना वरचढ उत्तर द्यायचे आणि दोघांची जुगलबंदी बघायला मी मशीन थांबवून दारात येऊन बसायची.

मग मालकांना झटका आला. उजवा हात थोडा गेला, पाय काठीवर आला आणि जीभ जड झाली. डोक्यात सगळं जसंच्या तसं. कालचा गुळाचा भाव विचारा, माहीत. पण शब्द ओठाशी यायला वेळ लागायचा. स्पीचच्या मॅडम म्हणाल्या, येईल बोलणं, फक्त माणसांनी दम धरायचा आणि त्यांचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. मी हे सगळ्यांना सांगितलं. सरांना तर दोनदा.

सहा-सात महिन्यांनी मालक पहिल्यांदा टेबलावर बसले. मी चहा घेऊन त्यांच्या मागं उभी होते, म्हणून मला त्यांची पानं दिसली. हातात दोन राजे. टेबलावर तिसरा राजा आणि दोन सत्त्या. तीन राजे, दोन सत्त्या; टेबलावर यापेक्षा मोठं कुणाकडं असण्याची शक्यता नाही म्हटलं तरी चालेल. सरांनी मोठी बोली लावली. मालकांना फक्त ‘कॉल’ म्हणायचं होतं. त्यांच्या मानेची शीर ताणलेली मला मागून दिसत होती. ‘क’ ओठावर आला होता.

सरांनी भिंतीवरच्या कागदाकडं बघितलं आणि हसत म्हणाले, ‘‘चला मर्दा, नियम म्हंजे नियम. एक. दोन. तीन.’’

शेठ म्हणाले, ‘‘सर, र्‍हाऊ द्या की.’’ पण सर थांबले नाहीत. सौदे काढताना मालक जसे पुकारायचे तसाच सूर लावून त्यांनी मोजलं, त्यांची नक्कल करत. दहा झाले. सरांनी हात लांब करून मालकांची पानं स्वतः उचलली आणि गड्डीत सरकवली. ‘‘मेली पानं. गुळाचा बाजार उठला गड्या.’’

मी ट्रे धरून उभी होते. एक शब्द मला येत होता. कॉल. तो मी बोलले असते तर काय झालं असतं? काही नाही. पण एका हाताला एकच तोंड, आणि मीही मूर्खासारखी भिंतीवरचा कागद पाळत बसले. मालक हसले, डाव्या बाजूनं. चहा प्यायला. डाव संपल्यावर काठी घेऊन आत गेले आणि पुढच्या रविवारी बाहेर आले नाहीत. ‘‘चालू... दे,’’ म्हणाले. म्हणजे खेळ बंद करू नका, मी येत नाही.

चार-पाच दिवसांनी न्हाणीघरातून मला नळाचं पाणी बराच वेळ पडताना ऐकू आलं. बघावं म्हणून दाराशी गेले. पाण्याच्या आवाजाआड ते मोजत होते. एक, दोन, तीन, चार, आणि मग ‘क... क...’ आणि पुन्हा पहिल्यापासून. ज्या माणसाच्या पुकाऱ्यावर अख्खं यार्ड चालायचं, तो नळ सोडून दहाच्या आत एक शब्द बसवायचा सराव करत होता. मी तिथून पाय न वाजवता निघून आले आणि मशीनवर बसले. त्या दिवशी एकाही ब्लाउजची बाही सरळ लागली नाही. त्या दिवशी मी ठरवलं, या सराला मी याच टेबलावर, याच कागदानं मारीन, आणि मग मालक पुन्हा त्या खुर्चीवर बसतील.

रविवारी मी चौथ्या खुर्चीवर जाऊन बसले.

‘‘वयनी, तुम्ही?’’ सर म्हणाले. ‘‘हे हुक-बटन न्हाय बगा.’’

‘‘शिकवा की,’’ मी म्हटलं. ‘‘क्लासच हाय तुमचा.’’

त्यानंतर मी जवळजवळ बोललेच नाही. तीस वर्षं मी बायकांची मापं घेतली आहेत. टेप छातीला लावला की श्वास रोखून पोट आत घेणारी बाई मला लगेच कळते. तिला मी काही म्हणत नाही, माप अर्धा इंच सैल धरते. खोटं पकडायचं आणि तोंडावर येऊ द्यायचं नाही, हेच माझं काम. सर बोलतात काय याकडं मी लक्ष देणं सोडून दिलं आणि त्यांचे हात बघायला लागले.

तिसऱ्या रविवारी सापडलं. हातात काही नसताना सर काजू खायचे. नुसत्या थापेवर मोठी बोली लावली की त्यांचा हात आपल्याच ढिगाकडं जायचा, एक काजू उचलायचा आणि चावायचा. स्वतःच्या बोलीचा काजू स्वतः खाणारा माणूस मी तोवर बघितला नव्हता. आणि खरोखर मोठी पानं असली की काजूला हात लागायचा नाही. मी महिनाभर तपासून बघितलं. एकदाही चुकलं नाही. चुकून चष्मेवाल्या साहेबांनाही हे कळू नये म्हणून मी सरांच्या पुढ्यात भडंगाची वाटी ठेवायला लागले, म्हणजे तोंड हलतंच आहे असं वाटावं.

हे कळल्यावर मी जिंकायला लागले असेन असं तुम्हाला वाटेल. मी हरायला लागले. सर काजू चावत थाप मारतायत हे डोळ्यांना दिसत असताना मी पानं टाकायची. ‘‘न्हाय बाई, मला भ्या वाटतं.’’ सर खूश. ‘‘वयनी एक्का असल्याशिवाय पैसा... आपलं काजू काढत न्हाईत,’’ असं ते सगळ्यांना सांगायचे. सांगू देत. मी लाजून हसायची. दर दुसऱ्या रविवारी माझा ढीग संपायचा आणि मी माझ्याच स्वयंपाकघरात जाऊन नियमाप्रमाणं चहा करायची, जो मी एरवीही केलाच असता. आतल्या खोलीचं दार किलकिलं असायचं. मालक पलंगावर पडून सगळं ऐकायचे. मी काय करते आहे हे त्यांना मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मला थांबवलं असतं, आणि मला थांबायचं नव्हतं.

अशी पानं टाकत पाच महिने गेले. इतक्या दिवसांत राग शिळा होतो म्हणतात. माझा रोज ताजा व्हायचा, कारण न्हाणीघरातला नळ रोज सुटायचा.

मग तो रविवार आला. गणपती होऊन गेले होते, मी भडंगात जरा जास्तच लसूण घातला होता आणि सर रंगात होते. त्या डावात शेठ आणि साहेबांनी सुरुवातीलाच पानं टाकली. राहिलो मी आणि सर. माझ्या हातात किलवरची दुर्री आणि चौकटची सत्ती. टेबलावर एक एक्का, एक राजा आणि बाकी सटरफटर; त्यांच्याशी माझ्या पानांचं नातं ना गोतं. दुसरा कुठलाही दिवस असता तर मी ती पानं केव्हाच टाकली असती. पण सरांनी बोली लावली, मग पुन्हा लावली, आणि त्यांचा हात काजूकडं गेला नाही. भडंगाकडंही नाही. दोन्ही हात मांडीवर. त्यांच्याकडं मोठं पान होतं, राजाच असणार असं माझं मन सांगत होतं.

मी याचीच वाट बघत होते. त्यांच्या थापेवर त्यांना हरवणं सोपं होतं. मला त्यांना जिंकत असताना मारायचं होतं.

मी माझा सगळा ढीग दोन्ही हातांनी पुढं ढकलला.

पाच महिने जी बाई एक्का दिसल्याशिवाय चार काजू काढत नव्हती, तिनं सगळे काढले. साहेबांनी चष्मा पुसला. सरांनी स्वतःची पानं उचलून बघितली, ठेवली, पुन्हा बघितली.

‘‘वयनी, काय हाय काय तुमच्याकडं?’’

मी पाच महिन्यांत पहिल्यांदा टेबलावर उलट बोलले. ‘‘तुम्ही सांगा की सर. तुम्हाला सगळ्यांची पानं कळत्यात.’’

‘‘एक्के हायत तीन. व्हय ना? न्हाय, थांबा, तुम्ही मगाशी...’’

मी भिंतीवरच्या कागदाकडं बोट केलं. ‘‘नियम म्हंजे नियम. एक.’’

सर हसले. ‘‘अवो वयनी, चेष्टा करताय.’’

‘‘दोन.’’

‘‘मी काय म्हंतो, तुम्ही गेल्या रविवारी अशीच...’’

‘‘तीन. चार.’’

त्यांना अजून खरं वाटत नव्हतं. ते शेठकडं वळले, ‘‘शेठ, बगा की, वयनी मोजायला लागल्या,’’ मग माझ्याकडं, मग पानांकडं, आणि तोंड सारखं चालू. बोलल्याशिवाय त्या माणसाला विचारच करता येत नाही हे मला तेव्हा कळलं. ‘‘तीन एक्के म्हटले तर चौथा साहेबांनी टाकला असणार, मग तुमच्याकडं दोनच...’’ मी पाच म्हटलं. सावकाश, प्रत्येक आकड्याला पुरती जागा देत. माझ्या आवाजात सौद्याचा सूर कधी आला ते मला कळलं नाही.

पाच म्हणताना आतलं दार उघडलं. मालक काठी टेकत दारात आले. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला ते दिसले. त्यांचा डावा हात वर झाला होता आणि मानेची ती शीर ताणली होती. ‘‘था...’’

मी ऐकलं. हे मला लपवायचं नाही. ऐकलं, आणि ते काय म्हणणार आहेत ते मला कळलं.

‘‘सहा,’’ मी म्हटलं. ‘‘सात.’’

‘‘था...’’

‘‘आठ.’’

‘‘अवो वयनी, निदान मला हिशेब तरी...’’ सर म्हणत होते.

‘‘नऊ.’’

‘‘थांब,’’ मालक म्हणाले. स्वच्छ, पुरता शब्द.

‘‘दहा,’’ मी म्हटलं आणि हात लांब करून सरांची पानं त्यांच्या पुढ्यातून उचलली. गड्डीत सरकवायच्या आधी उलटी केली. दोन राजे. टेबलावरचा धरून तीन. मग मी माझी दुर्री आणि सत्ती उलटी करून त्यांच्या शेजारी ठेवली. जिंकल्यावर आपली पानं दाखवू नयेत, समोरच्याच्या जिव्हारी लागतं, असा एक न लिहिलेला नियम आहे. म्हणूनच दाखवली.

‘‘दहा आकड्यांत एवढं बोललासा सर,’’ मी म्हटलं, ‘‘एक ‘कॉल’ म्हणाया जमलं न्हाय?’’

सरांचा चेहरा मला अजून आठवतो आणि अजून गोड वाटतो. शेठ खाली बघून मिशीत हसत होते. पुढच्या दोन डावांत सरांनी चिडून उरलेला ढीग घालवला. शेवटचे पाच-सहा काजू समोर होते, ते त्यांनी रागारागात एकेक करून खाऊन टाकले, आणि समोरची जागा रिकामी झाल्यावरच त्यांच्या लक्षात आलं.

‘‘संपले काजू,’’ साहेब म्हणाले. ‘‘चहा.’’

सर उठले. माझ्या स्वयंपाकघरात बराच वेळ डबे वाजत राहिले. साखर कुठं आहे हे मी सांगितलं नाही. चहा आला तो फुळकवणी होता आणि मी तो चवीनं प्यायले. त्यांनी एक कप दारातल्या मालकांना नेऊन दिला, मान खाली घालून. तेवढ्या एका कपासाठी मी पाच महिने पानं टाकली होती.

सगळे गेल्यावर मी टेबल पुसत होते. जिंकलेले काजू डब्यात भरले. मला वाटत होतं मालक काही म्हणतील. शाबास नाही, पण हसतील तरी, त्या डाव्या बाजूनं. ते खुर्चीवर बसले होते, त्यांच्याच जुन्या खुर्चीवर, सात महिन्यांनी की आठ, आणि हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं.

‘‘मी...’’ ते म्हणाले.

मी फडकं हातात धरून उभी राहिले.

‘‘मी... बोललो.’’ मग बराच वेळ. ‘‘दहाच्या... आत.’’

नळाखाली महिनोन्महिने जे बसवलं होतं ते त्यांनी दारात येऊन, चार माणसांत, नऊला करून दाखवलं होतं. वेळेत आलेला पहिला शब्द. आणि त्यावर दहा मी म्हटलं होतं, सरांनी नाही.

‘‘ऐकलं मी,’’ एवढंच म्हटलं. त्यांनी मान हलवली. त्यांना ते माहीत होतं.

त्या रात्री मी भिंतीवरचा कागद काढला. पुढच्या रविवारी मालक खुर्चीवर बसले आणि मी पुढच्या खोलीत मशीनवर. सर आले, जरा उशिरा, स्वतःच्या घरचं भडंग घेऊन. आता मोजत कुणी नाही. मालकांची पाळी आली की बाकीचे तिघं गप्प असतात, आणि सर त्या वेळात काजू खात बसतात, त्यामुळं ते हल्ली बऱ्याचदा चहा करतात. त्यांना मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. साखरेचा डबा मी दर आठवड्याला जागा बदलून ठेवते.

पण मोजायची सवय मला लागली ती सुटत नाही. मालकांनी तोंड उघडलं की माझ्या मनात आकडे सुरू होतात. काल जेवताना त्यांना मीठ हवं होतं. मीठ मला त्यांच्या डोळ्यांतच कळलं होतं आणि वाटी माझ्या हाताशी होती. शब्द यायला चौदा लागले, तोवर मी वाटीला हात लावला नाही.